रजेची टेकडी

विषय : कल्पविहार करमणूक उद्यान, मौजे खडकओहळ, यामागील टेकडीस 'रजेची टेकडी' हे नाव कसे पडले, याबाबत.

संदर्भ : लाकडी घोडा क्र. ७ यांचा रजेचा अर्ज, आवक क्र. ४१२.

उपरोक्त विषयास अनुसरून, आलेल्या मंडळींच्या माहितीसाठी निवेदन करण्यात येते ते असे.

आपण उभे आहात ती उद्यानाची मागची बाजू. समोरच्या बोडक्या टेकडीच्या माथ्यावर एक घोडा दिसतो. तो दगडी नाही, पितळी नाही. त्याच्या पाठीवर तलवार उपसलेला कोणी बसलेला नाही, त्यामुळे त्याला हार घालायलाही कोणी येत नाही. तो फणसाच्या लाकडाचा आहे. पाठीत आरपार एक गोल भोक आहे, त्यात हल्ली चिमण्या राहतात. अठ्ठावीस पावसाळ्यांत त्याचा रंग गेला, लाकूड गेले नाही.

आख्यायिका म्हटली म्हणजे ती निदान तीनशे वर्षे जुनी असावी अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्याकडे सदतीसच वर्षे आहेत. पण उद्यानही तेवढेच तरुण आहे, आणि असलेली वर्षे आम्ही जपून वापरली आहेत.

उद्यान उभे राहिले तेव्हा घोड्यांच्या चक्रीसाठी सावंतवाडीकडून विश्राम चितारी नावाचा कारागीर आणला होता. त्याच्या परसातला जुना फणस वादळात पडला होता. त्या एका झाडातून त्याने बारा घोडे काढले, असे सांगतात. पैकी अकरा घोडे सरळ समोर, म्हणजे पुढच्याच्या शेपटीकडे पाहणारे, थोडक्यात नोकरीस योग्य असे निघाले. सातव्याची मान मात्र बाहेरच्या बाजूला वळली. तपासनिसाने कारण विचारले तेव्हा विश्राम म्हणाला, "लाकूडच तसा बघीत होता. मी काय करतलंय?" हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे हे तपासनिसाला कळेना, म्हणून घोडा पास झाला.

पुढे नऊ वर्षे तो चक्रीवर फिरला. मुलांना तोच हवा असे. चक्रीबाहेर उभ्या असलेल्या आईबापांकडे तो पाहतो, असे त्यांना वाटे. वास्तविक तो टेकडीकडे पाहत होता. दर फेरीत एकदा ती त्याच्या डोळ्यांसमोरून जाई, आणि नीट पाहायच्या आत मागे पडे.

नवव्या वर्षी सरपोतदार साहेब व्यवस्थापक म्हणून आले. त्यांना सरळपणाची आवड होती. त्यांनी आल्याआल्या बाकडी एका रेषेत लावली, फुलांचे गोल वाफे चौकोनी केले आणि तळ्याकाठची वळणदार पायवाट सरळ करून घेतली, त्यामुळे ती आता तळ्यात जाते. मग त्यांची नजर सातव्या घोड्यावर गेली. दुसऱ्या दिवशी फलकावर आदेश लागला : 'घोडा क्र. ७ ची मान नियमबाह्य असल्याने तो उद्या सकाळी दहा वाजता तोडून लाकूड उपाहारगृहाच्या चुलीस द्यावे. काम सुतार श्री. चितारी यांनी करावे.'

विश्राम तोपर्यंत उद्यानाचा सुतार म्हणून कायम झाला होता. कुंपणाच्या भिंतीला लागून नोकरांच्या खोल्या आहेत, तिथे तो राही. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात दोन मुली : हेमलता दहा वर्षांची, शालन सहा. पुढील हकिकतीला या दोघीच साक्षीदार आहेत. पैकी मोठी त्याविषयी कधी काही बोलली नाही आणि धाकटी बोलायची थांबली नाही. जे हाती आहे ते धाकटीचे आहे.

त्या संध्याकाळी विश्राम मांडीवर कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात बसला होता. धार लावत नव्हता, नुसता बसला होता. चहा कपात थंड झाला. शालनने विचारले, "बाबा, त्याला दुखेल?"

"त्याका नाय दुखाचा गो," तो म्हणाला. "माका दुखतला."

हेमलताने हे ऐकले. तिने बापाच्या पिशवीतून हळूच मोठा पाना काढला, दप्तरातली वही घेतली आणि बहिणीचा हात धरला. खोल्यांच्या मागे, पाण्याचा नळ आत जातो तिथे भिंतीला खिंडार आहे. तिथून दोघी आत गेल्या. घड्याळाच्या मनोऱ्यात सात वाजत होते आणि शेवटची माणसे पुढच्या दाराने बाहेर पडत होती.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सात वाजता मुख्य खटका खाली ओढतात आणि उद्यान बंद होते, हे कागदोपत्री. पण दिवसभराचा वेग असा एकदम जिरत नाही. पाळण्यांचा, झोपाळ्यांचा, पाण्यावरच्या होड्यांचा उरलेला वेग तासभर उद्यानात हिंडत असतो, म्हणे, आणि ज्याला लागेल त्याला हलवतो. आठ वाजले की तो संपतो आणि जो जिथे असेल तिथेच स्थिर होतो. आम्ही कर्मचारी साडेसातच्या आत का घरी जातो, असे लोक विचारतात. हे त्याचे कारण नव्हे, पण त्याच्या विरुद्धही नाही.

दोघी चक्रीपाशी पोचल्या तेव्हा खटका ओढलेला असूनही चक्री मंद फिरत होती. सातवा घोडा समोर आला आणि म्हणाला, "उद्या दहा वाजता ना?"

"तुला कोणी सांगितलं?" हेमलताने विचारले.

"तुझ्या बापाने. तो रोज येतो, तेल घालतो आणि जातो. आज मानेवरून हात फिरवून गेला." चक्री त्याला पलीकडे घेऊन गेली. परत आल्यावर त्याने वाक्य पुरे केले. "नऊ वर्षे पळतोय मी. पोचलो कुठे, सांग."

"कुठंच नाही," शालन म्हणाली.

"तेच म्हणतो मी. तोडायचे तर तोडा, पण त्या टेकडीपलीकडे काय आहे ते एकदा बघू द्या."

हेमलता चालत्या चक्रीवर चढली. तिने घोड्याच्या पोटाखालची चाकी सोडवली, पितळी दांडा वर सरकवला, आणि घोडा जमिनीवर उतरला. नऊ वर्षांत प्रथमच त्याच्या चारी पायांखाली जमीन आली. तो आनंदाने खिंकाळला, उधळला आणि कारंज्याभोवती गोल फिरून परत तिथेच आला. पुन्हा उधळला, पुन्हा तिथेच. त्याला दुसरे काही येतच नव्हते.

"हा बघ, परत आला," शालन कठड्यावर बसून सांगत होती. "हा बघ, आला परत."

पाचव्या फेरीला हेमलता आडवी उभी राहिली. "अरे, समोर कशाला बघतोस? तुझी मान आहे तिकडे चल!"

घोडा थांबला. त्याने विचार केला, म्हणे, आणि पायही मानेकडे वळवले. तो सरळ चालू लागला. बारा घोड्यांत हे त्या एकालाच जमणारे होते. बाकीच्यांच्या माना पुढच्याच्या शेपटीला बांधल्यासारख्या.

टेकडीकडे जायला मागचे दार. ते म्हणजे जबडासुराचे तोंड. हा जो चुन्याचा चाळीस फुटी दैत्य आपण पाहता, त्याच्या जबड्यातून दिवसा पोरे आतबाहेर पळतात आणि त्याच्या दाताला च्युइंगगम चिकटवतात. संध्याकाळी तोंड बंद होते. त्या वेळी तो नुसता दैत्य नसतो, पहारेकरी असतो, आणि पहाऱ्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता असे सांगतात.

"थांबा," जबडासुर म्हणाला. "उद्यानाची वस्तू बाहेर न्यायची तर पास लागतो."

"ही वस्तू नाही," हेमलता म्हणाली. "हा नोकरीला आहे. नऊ वर्षं झाली."

"नोकराला कामावरून सोडायचे तर रजेचा अर्ज लागतो."

"तू पण नोकरीला आहेस ना?" शालनने विचारले. "मग तू कधी रजा घेतलीस?"

जबडासुराने डोळ्यातला दिवा विझवून पुन्हा लावला. मग म्हणाला, "मला हे आजवर कोणी विचारले नव्हते. पण अर्ज लागेल."

आता दैवयोग असा, की विश्रामला घाटावरचे सरकारी मराठी लिहिता येत नसे आणि त्याचे रजेचे सगळे अर्ज हेमलताच लिहीत असे. मजकूर तिला पाढ्यासारखा पाठ होता. तिने वहीचे पान फाडले, दैत्याच्या सुळ्यावर ठेवले आणि लिहिले :

'मा. व्यवस्थापक साहेब यांस, अर्जदार घोडा क्र. ७ विनंती अर्ज करतो की, मी आपल्या उद्यानात नऊ वर्षे सलग धावत असून आजपर्यंत एकही रजा घेतलेली नाही. आता घरगुती कारणास्तव मला मागील टेकडीवर जाणे आवश्यक आहे. तरी आजपासून ............ पर्यंत रजा मंजूर व्हावी, ही विनंती.'

खाली 'अर्जदाराची निशाणी' असे लिहून तिने घोड्याचा खूर पुढे घेतला. त्याला चक्रीचे काळे वंगण लागलेलेच होते. ठसा स्वच्छ उमटला.

जबडासुराने आपल्या डोळ्यातला दिवा कागदावर धरला. "आजपासून, पर्यंत. मधे रिकामे आहे."

"ते साहेब भरतात," हेमलता म्हणाली. हे खरे नव्हते. पण जबडासुराने कचेरीत कधी काम केलेले नव्हते.

"बरे. आता हा कचेरीच्या अर्जपेटीत पडला पाहिजे. त्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

कचेरी उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला. मनोऱ्यात पावणेआठ झालेले. तळ्यातल्या होड्या थांबल्या होत्या, आकाशपाळणा कण्हत होता, घोड्याचा मागचा एक पाय जड होऊ लागला होता. त्याला चालते ठेवायला हेमलताला तिथेच थांबणे भाग होते. म्हणून शालन निघाली.

जवळची वाट आरसेमहालातून जाते. सहा वर्षांची मुलगी आत शिरली तेव्हा तिला समोर पन्नास शालन दिसल्या, काही लांब, काही बुटक्या, काही उलट्या, आणि सगळ्या रडायच्या बेतात. ती घाबरली. मग म्हणे तिने नाक पुसले, पन्नास जणींनी नाक पुसले, आणि ती ओरडली, "रडताय काय ग? अर्ज टाकायचाय, चला!" सगळ्या एकदम पळाल्या. त्यांतली एक दाराबाहेर निघाली, तीच खरी.

अर्जपेटी उंच होती. शालन कुंडीवर चढली, हात फटीत कोपरापर्यंत घातला, अर्ज टाकला. पळताना सुटलेली वेणीची लाल रिबन तिने मनगटाला गुंडाळली होती, ती हात बाहेर ओढताना फटीत अडकली. ती सोडवायला वेळ नव्हता. ती तशीच परत पळाली.

"टाकला?" जबडासुराने विचारले.

"टाकला."

"पुरावा?"

शालनने आपली एक सुटलेली वेणी पुढे केली. "रिबन तिथं राहिली माझी. आई मला मारणार आहे."

एवढा पुरावा दैत्याला पुरला. त्याने तोंड उघडले. घोड्याने दोघींना पाठीवर घेतले आणि तो टेकडी चढू लागला.

अर्ध्या वाटेवर जो पांढरा खडक आहे, तिथे त्याचे पाय थांबले. वेग संपला होता. मागचे दोन्ही पाय लाकूड झाले, मग पुढचा एक. हेमलता खाली उतरून ढकलू लागली, शालन पुढून ओढू लागली. बारा घोड्यांना पुरून उरणाऱ्या फणसाचा बारावा हिस्सा दोन पोरींना किती ढकलवणार? आठाला पाच मिनिटे होती, आणि सकाळी दहा वाजता बापाला कुऱ्हाड घेऊन इथपर्यंत यावेच लागणार, हे दोघींना दिसत होते.

तेव्हा खाली चक्रीवर एक आवाज झाला. अकरा घोडे अजून आपल्या उरलेल्या वेगाने फिरत होते. ते एकदम थांबले. हळूहळू नव्हे, एका टापेसरशी. रोजच्या त्या तासाभरातला आपला शिल्लक वेग त्यांनी सातव्याला देऊन टाकला, आणि पुढच्या सगळ्या दिवसांचाही. तो वाऱ्यासारखा टेकडीवर आला. गवत वर वाकले, पोरींचे झगे फुगले, घोड्याच्या चारी पायांत जीव आला आणि तो असा दौडला, की उरलेली अर्धी टेकडी त्याला सहा उड्यांत झाली. दोन्ही पोरी त्याच्या मानेला लोंबकळत, घसा फोडून ओरडत होत्या. खडकओहळच्या लोकांना वाटले, उद्यानाने नवा पाळणा सुरू केला.

माथ्यावर तो थांबला आणि त्याने पाहिले. पलीकडे काही फार नव्हते. जोंधळ्याची शेते, एक सडक, तिच्यावरून जाणारी एक बैलगाडी, त्यापुढे घाटाचा काठ. आणि त्या काठाखाली, जिथे नुसते निळे दिसते, तिथे कोकण. त्या निळ्यात कुठेतरी विश्रामचे परस होते, आणि त्यात फणसाचा खड्डा.

"हे होय!" घोडा म्हणाला, आणि आठ वाजले.

पोरी हात धरून उतरल्या. जबडासुराने त्यांच्यासाठी तोंड वीतभर उघडे ठेवले होते, आणि तशातच आठ वाजल्याने ते तसेच राहिले. तीनदा मेकॅनिक आणले. जबडा पुरता मिटत नाही.

आता सकाळ. त्या काळी आवक-जावक खांबेटे पाहत. समोर आलेल्या कागदावर वाचण्याआधी शिक्का मारायचा, अशी त्यांची, आधीच्या कचेरीपासून धरून, पंचवीस वर्षांची सवय होती. एकदा त्यांनी स्वतःच्या डब्यासोबत आलेली बायकोची चिठ्ठी आवक केली होती, आणि तिला तीन दिवसांनी लेखी उत्तर दिले होते. त्या सकाळी त्यांनी पेटी उघडली, पहिल्या कागदावर शिक्का मारला, क्रमांक ४१२ घातला, सोबतच्या वस्तूची नोंद 'सहपत्र : लाल रिबन एक' अशी केली, रिबन टाचणीने लावली, आणि मग वाचले.

दहा वाजता चक्रीवर घोडा नव्हता. तो टेकडीवर होता, चारी पाय खडकात रोवून. सरपोतदार साहेब सगळ्यांना घेऊन वर गेले. विश्राम कुऱ्हाड घेऊन शेवटी चालत होता.

"इथेच तोडा," साहेब म्हणाले.

खांबेटे पुढे झाले. "तोडता येणार नाही, साहेब. ते रजेवर आहेत."

"कोण?"

"घोडा क्रमांक सात. काल अर्ज आला आहे. आवक झाला आहे."

"लाकडी घोड्याचा अर्ज? नामंजूर करा!"

"करू. पण नामंजुरीला कारण द्यावे लागते. अर्जदार कर्मचारी नाही असे लिहिले, तर कर्मचारी नसलेल्याचा अर्ज आपण रजेच्या नोंदीत कसा घेतला, हे विश्वस्तांना कळवावे लागेल. तुमच्या सहीने."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग मंजूर करून टाका."

"कधीपर्यंत? तारीख रिकामी आहे. तुम्ही घालाल त्या तारखेला त्यांना हजर करून घ्यावे लागेल. आणि हजर झालेल्याला तोडायचे तर आधी चौकशी."

टेकडीवर वारा सुटला होता. मंडळी साहेबांकडे पाहत होती. हेमलता आणि शालन खडकामागे एकमेकींना धरून उभ्या होत्या.

"मग करायचे काय, खांबेटे?" साहेबांनी विचारले.

"काही करायचे नाही, साहेब. विचाराधीन ठेवायचे. निर्णय होईपर्यंत अर्जदारास कोणी हात लावत नाही, असा नियम आहे."

साहेबांनी घोड्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "ठेवा विचाराधीन," आणि उतरू लागले. ते वळणापलीकडे गेल्यावर मंडळींनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून खाली उपाहारगृहाच्या आचाऱ्याने चूल सोडून धाव घेतली. विश्रामने कुऱ्हाड गवतात टाकली. तो घोड्याजवळ गेला आणि त्याने मानेवरून हात फिरवला. घोड्याचे अंग आता पश्चिमेकडे होते आणि मानही पश्चिमेकडे.

"बघ गो हेमा," तो म्हणाला, "झाली मान सरळ."

तेव्हापासून ही रजेची टेकडी. खांबेटे निवृत्त होताना त्यांनी ती फाइल पुढच्याच्या हाती देऊन एकच सूचना केली : "ही वर पाठवायची नाही, बंद करायची नाही. फक्त सांभाळायची." त्यांच्यानंतर एकोणीस वर्षे ती प्रस्तुत निवेदकाकडे होती. या काळात तिच्याविषयी चार स्मरणपत्रे आली. त्यांना तत्परतेने पोच देण्यात आली. सध्या आवक-जावक श्रीमती शालन चितारी पाहतात. पदभार घेताना त्यांनी फाइल उघडली, टाचणी लावलेली रिबन बोटाने सरळ केली आणि दोरी परत बांधली. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव प्रसंग.

आजही खटका ओढल्यावर उद्यानातले सगळे पाळणे थोडा वेळ फिरत राहतात, चक्री मात्र जागच्या जागी थांबते. आजही संध्याकाळी साडेसहाला चक्रीवर घोड्यांची हजेरी होते. चालक क्रमांक पुकारतो, पाठीवर बसलेले पोर "हजर" म्हणते. सातवा दांडा रिकामा असतो, त्याला हिरव्या गवताची पेंढी बांधलेली असते. सात पुकारला, की उद्यानातली झाडून सगळी मुले टेकडीकडे तोंड करून ओरडतात, "रजेवर!" आपण थांबलात तर ऐकाल. आपणही ओरडावे, हरकत नाही.

अर्ज क्र. ४१२, सहपत्रासह, अद्याप विचाराधीन आहे.